पॅराग्वे व उरुग्वे येथील सोयाबीनचे गाळप

आपल्या भागात तेलगिरणी निघाली म्हणजे मालास भाव येईल, ही समजूत शेतकरीवर्गात इतकी रुजली आहे की ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षे याच मताचा होता. दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे व उरुग्वे या दोन लहान देशांच्या गाळपाचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा ते मत बरेच बदलावे लागले.

हे देश लहान म्हणावयाचे ते लोकसंख्येने. पॅराग्वेची वस्ती सुमारे 61 लाख, उरुग्वेची 35 लाखांच्या आतबाहेर. क्षेत्रफळाने पॅराग्वे महाराष्ट्राहून मोठाच आहे. दोहोंचे मुख्य तेलबी एकच, सोयाबीन. पाऊस चांगला असेल त्या वर्षी पॅराग्वेत 1 कोटी टनांच्या आसपास पीक येते, आणि 2014 पासून बऱ्या वर्षी त्यांतील 30 लाख टनांहून अधिक बी तेथेच गाळले गेले आहे. उरुग्वेत 2000 च्या सुमारास सोयाबीनखाली दहा-बारा हजार हेक्टर जमीन होती, ती 2013-14 पर्यंत 12 लाख हेक्टरांवर गेली. बऱ्या वर्षी पीक 20 ते 30 लाख टन. गाळप मात्र देशातील गरजेपुरते, अगदी थोडे. बाकीचा दाणा नुएवा पाल्मिरा व माँतेव्हिदेओ या बंदरांतून जसाच्या तसा जहाजात चढतो, आणि त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन.

यावरून पॅराग्वेचा शेतकरी शहाणा व उरुग्वेचा भोळा असे कोणी म्हणेल, तर ती घाई होईल. शेंगदाण्याच्या घाण्यावर वाढलेल्या आपल्या लोकांस तेल हेच मुख्य व पेंड हे दुय्यम असे वाटते. सोयाबीनचे तसे नाही. शंभर किलो दाण्यातून तेल निघते अठरा-एकोणीस किलो. पेंड निघते ऐंशी किलोंच्या जवळपास. नावाने ती तेलगिरणी, पण खरे पाहता पेंडीची गिरणी होय. तेव्हा प्रश्न असा की, ही पेंड खाणार कोण? ती खातात मुख्यतः डुकरे व कोंबड्या. उरुग्वेत माणशी तीनांहून अधिक गुरे आहेत, पण ती बहुतेक कुरणावर चरणारी. उलट चीनमध्ये डुकरांचे कळप अफाट, आणि गिरण्याही त्याच्या स्वतःच्या बंदरांवर उभ्या. त्यास दाणाच हवा असतो. ज्याच्या दारी समुद्र आहे व ज्यास असा गिऱ्हाईक लाभला आहे, त्याने गिरणी कशासाठी काढावी?

पॅराग्वेस समुद्र नाही. त्याचा माल पॅराग्वे व पराना या नद्यांतून तराफ्यांसारख्या सपाट बोटींनी अर्जेंटिनाकडे उतरतो. शिवाय त्या देशाने 1957 पासून तैवानशी राजनैतिक संबंध ठेवले असल्यामुळे चीनचा थेट बाजार त्यास बंद. असून्सियोनच्या खालच्या अंगास व्हियेता येथे 2013 साली दोन मोठ्या गिरण्या सुरू झाल्या, त्या अशा परिस्थितीत. आणि त्यांच्या मालकीत जगभर धान्याचा व्यापार करणाऱ्या परदेशी कंपन्याच प्रमुख होत्या. तरीही निम्म्याहून अधिक दाणा न गाळता बाहेर जातो. अलीकडे त्याचा बहुतेक भाग अर्जेंटिनातील गिरण्यांत जातो, आणि शेतावरील भाव ठरतो तो बाहेरच्या बाजारावरून, नदीचे भाडे वजा जाता.

येथे आपल्या साखर कारखान्यांची तुलना सहज मनात येते, आणि तीच फसवी आहे. शंभर किलो उसाची साखर होते दहा-अकरा किलो. ऊस टिकतही नाही. म्हणून कारखाना उसाजवळ असणे अपरिहार्य. सोयाबीन सुकवून ठेवले तर महिनोन्महिने राहते, आणि गाळल्याने वजन घटतही नाही. जे ओझे दाण्याचे, तेच पेंड व तेल मिळून. 2021 मध्ये परानाचे पाणी पाऊणशे वर्षांत उतरले नव्हते इतके उतरले व बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून सोडाव्या लागल्या, तेव्हा दाण्याची अडचण झाली तशीच पेंडीचीही झाली. पुढे 2021-22 च्या दुष्काळात पीक निम्म्याखाली आले, आणि गिरण्यांस पुरेसे बी मिळेना.

गिरणीचा काहीच लाभ नाही असे आमचे म्हणणे नव्हे. दारात आणखी एक खरेदीदार उभा राहतो, मजुरी मिळते, कोंबड्या पाळणाऱ्यास पेंड जवळ मिळते. पण हा लाभ गाळपाच्या टनांनी मोजता येत नाही.

आपल्याकडचा अनुभवही याच दिशेचा आहे. 2021 च्या जुलै-ऑगस्टात महाराष्ट्रातील काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला 10 हजार रुपयांच्या आसपास पोचले होते. ऑगस्टात केंद्र सरकारने 12 लाख टन पेंड आयातीस परवानगी दिली, आणि नवा माल येईपर्यंत भाव पुष्कळ उतरला. नव्या आवकेचाही त्यात वाटा होता, हे खरे. परंतु गिरण्या होत्या तेथेच होत्या. त्यांच्या दारात उभा असलेला शेतकरी त्यामुळे वाचला नाही.

म्हणून संपादकांस एक विनंती आहे. या मासिकाच्या बाजारभावाच्या पानावर सोयाबीनचा भाव येतो, तेलाचाही अधूनमधून येतो. त्याच ओळीत पेंडीचा भाव दर महिन्यास छापावा, आणि शंभर किलो दाण्याच्या तेल-पेंडीची एकूण किंमत शेजारच्या रकान्यात मांडावी. एक वर्षभर तो रकाना भरला, की आपल्या तालुक्यात गिरणीचे भाग घ्यावे की न घ्यावे, याची चर्चा सभेपुढे आणता येईल.