विम्याचा न्याय

विमा म्हणजे अनेकांच्या शिदोरींतून संकटांतल्या एकास दिलेला घांस. म्हणूनच अर्जांत जुना मधुमेह लपविणें हा कंपनीइतकाच इतर विमेदारांवरहि अन्याय होय. परंतु वर्षानुवर्षें हप्ते घेऊन, रोगी खाटेवर पडल्यावरच त्याचीं जुनीं दुखणीं उकरून काढणें हेंहि नीतीस सोडूनच आहे, असें आम्ही म्हणूं. विमा नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं यास मर्यादा घातली: सलग ६० महिने (पूर्वीं ८ वर्षें) विमा चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. आमची वाचकांस विनंती एवढीच, कीं वडील मंडळींचा अर्ज दलालावर न सोंपवितां प्रत्येक दुखणें स्वतः लिहावें. खरें लिहिणारासच पुढें न्याय ताठ मानेनें मागतां येतो.