बारा तासांची बस
भंडाऱ्यात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं वाढली की समजायचं, पोलीस भरती जवळ आली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एक जण मोबाइलचं स्टॉपवॉच धरून ओरडतो, बाकीचे धानाच्या बांध्यांकडेनं धापा टाकत सुटतात. सरावाला सगळे दोस्त, पण गुणांच्या यादीत तोच दोस्त आपली जागा खाऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉनची तऱ्हा उलटी. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी विक क्लॅपहॅम या सैनिकानं १९२१ मध्ये ती सुरू केली. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांमधला शर्यतीचा मार्ग सुमारे ९० किलोमीटरचा. आपल्या हिशेबानं भंडाऱ्याहून पळत नागपूर गाठायचं आणि परत फिरून मौद्यापर्यंत यायचं, तेही बारा तासांत! तिथं अनोळखी माणसंही घोळक्यानं पळतात, त्याला ‘बस’ म्हणतात. पुढं झेंडा घेतलेला अनुभवी ‘ड्रायव्हर’: इतका वेळ पळा, इतका वेळ चाला, चढ आला की मुकाट चाला. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात. पहिल्या येणाऱ्यापेक्षा मला कौतुक या ड्रायव्हरचं. स्वतःचा वेग आवरून तो घोळकाभर लोकांना वेळेत पोचवतो. (असा माणूस आमच्याकडे लग्नाच्या वरातीला हवा.) बारा तास भरले की एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो, रेषेपासून दोन पावलांवर असलेल्यालाही मग पदक नाही. तेव्हा शेवटच्या बसनं जायचं तर ड्रायव्हर आधी पारखून घ्यावा.