रोडेनबाखच्या पेल्यातले खोटे मध्ययुग

१/ बेल्जियमच्या आंबट लाल बिअरचा विषय निघाला की मठ, भिक्षू आणि 'शतकानुशतके न बदललेली फ्लेमिश परंपरा' हे शब्द ठरल्यासारखे येतात. पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसलारे गावच्या रोडेनबाखबाबत हे वर्णन म्हणजे इतिहासाचा अपलाप आहे. या बिअरमागे ना मठ आहे, ना मध्ययुग. आहे तो एकोणिसाव्या शतकातला कारखाना, आणि त्याच्या चवीत लंडनचाही वाटा आहे.

२/ आधी पेला पाहावा. रंग तांबूस तपकिरी. तो माल्टमधून येतो, ओकच्या लाकडातून नव्हे (हा गैरसमज फार पसरला आहे). पेला नाकाशी नेताच व्हिनेगरची बारीक झिणझिणी, मागोमाग हिरव्या सफरचंदाचा आणि आंबट चेरीचा गंध; आत मात्र चेरीचे एकही फळ पडलेले नसते. जिभेवर आधी आंबट धार, मग माल्टचा गोडवा, शेवटी हिरड्यांना जाणवणारा लाकडाचा तुरटपणा. हॉप्सचा कडूपणा जवळजवळ नाहीच. बिअर म्हणजे कडू पेय असे मानणारा पहिल्याच घोटाला म्हणतो, 'ही नासली आहे.'

३/ नासणे आणि मुरणे यांतला भेद घरोघरी लोणच्याच्या बरण्या भरणाऱ्यांना समजावून सांगावा लागू नये. दुधाला विरजण लावणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद येथे लॅक्टिक आम्ल तयार करतात. लाकडाच्या रंध्रांतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर दुसरे जिवाणू जगतात, ते ॲसिटिक आम्ल देतात. पिंप लहान असले तर बिअरच्या मानाने हवा जास्त आत येते आणि सगळ्याचा सिरका होतो. म्हणून पिंपे अवाढव्य. रोडेनबाखकडे ओकची अशी २९४ पिंपे उभी आहेत, सर्वांत मोठ्यात सुमारे ६५,००० लिटर मावतात. लागर बिअरच्या लाकडी पिंपांना आतून राळेचा लेप देत. येथे लाकूड उघडेच ठेवतात, कारण जिवाणूंचा संसार त्यातच असतो. सुमारे दोन वर्षे मुरलेली ही बिअर मग ताज्या बिअरमध्ये मिसळतात. 'ग्रँड क्रू'मध्ये जुनीचा वाटा दोन तृतीयांश, नेहमीच्या बाटलीत एक चतुर्थांश.

४/ रोडेनबाख बंधूंनी १८२१ साली या व्यवसायात पैसा घातला. १८३६ मध्ये पेद्रो रोडेनबाखने तो एकट्याकडे घेतला. तो सैनिकी पेशाचा. कारभार पाहिला त्याची पत्नी रेजिना वॉटर्स हिने. ती स्वतः बिअर गाळणाऱ्या घराण्यातली, पण दंतकथांमध्ये तिला क्वचितच जागा मिळते. तिचा नातू युजीन १८७० च्या दशकात इंग्लंडला गेला आणि बिअर मुरवण्याचे व मिश्रणाचे तंत्र शिकून आला, असे खुद्द हा कारखानाच सांगतो.

५/ इंग्लंडच का? कारण लंडनची पोर्टर बिअर अठराव्या शतकापासून प्रचंड लाकडी टाक्यांत महिनोन्‌महिने मुरवली जात असे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्स शू ब्रुअरीत अशीच एक टाकी फुटली. बिअरच्या लोंढ्यात ८ जण मेले. त्या काळी मुरलेल्या बिअरला 'स्टेल' म्हणत आणि ती ताज्या 'माइल्ड'मध्ये मिसळून विकत. आज 'स्टेल' म्हणजे शिळे. चव बदलली तसा शब्दही घसरला, आणि इंग्लंडने ते तंत्र जवळजवळ सोडून दिले.

६/ यावर आक्षेप येईल की युजीनच्या आधी फ्लँडर्समध्ये बिअर मुरवत नव्हते काय? मुरवत होते. जुनी तपकिरी बिअर हे तिथले खरेखुरे वैभव आहे, आणि इंग्लंडहून नेमके किती आले यावर वाद घालता येईल. पण स्थानिक सवय आणि परक्या देशात शिकलेली कारखानदारी यांच्या मिलाफाला 'अस्पर्शित परंपरा' म्हणणे हा आक्षेप नव्हे. ती जाहिरात आहे.

७/ ही जाहिरात खपली, कारण हे नावच राष्ट्रवादात मुरलेले होते. १८३० च्या बेल्जियन राज्यक्रांतीनंतर नासाऊ-ऑरेंज घराण्याला सत्तेतून कायमचे वगळण्याचा ठराव कॉन्स्टंटाइन रोडेनबाखने मांडला. पुढे फ्लेमिश विद्यार्थी चळवळीचा कवी आल्ब्रेख्ट रोडेनबाख याच घराण्यातला. अशा नावाच्या बिअरला परदेशी शिक्षक कसा शोभावा? आणि गंमत अशी, की 'फ्लँडर्स रेड' हे वर्गनाम जगभर रूढ झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी लेखनातून. मायकल जॅक्सन हा इंग्रज बिअर-लेखक (गायक नव्हे) या बिअरची तुलना बर्गंडीच्या वाइनशी करी. प्राचीन म्हणून मिरवले जाणारे हे नाव अनेक वाचकांच्या आजोबांपेक्षा लहान आहे.

८/ आता पेल्याच्या तळाशी उरलेला तो चामड्यासारखा, किंचित गवताळ वास. 'फ्लँडर्सच्या मातीचा गंध' म्हणून त्याचे गोडवे गातात. तो येतो पिंपात सावकाश काम करणाऱ्या एका यीस्टपासून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातल्या क्लाउसन या संशोधकाने ते वेगळे काढले आणि १९०४ साली लंडनमध्ये त्याची माहिती दिली. ते त्याला सापडले इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये. म्हणून त्याने त्याचे नाव ठेवले 'ब्रेटानोमायसीस', म्हणजे ब्रिटिश बुरशी.