कोयता दोघांचा, उचल एकाच्या हातात. म्हसवडच्या बँकेकडून करकंबनं काय घ्यावं?

करकंब : ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. ऊस दोघंही तोडतात, मोळी बाई बांधते, डोक्यावरून वाहून गाडीपर्यंत नेते. पण मुकादमाची उचल जाते नवऱ्याच्या हातात आणि हंगाम संपल्यावर हिशेबही त्याच्याशीच होतो. बाईचं नाव वहीत असेलच असं नाही. द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर निदान तिची स्वतंत्र हजेरी लागते, पण ती गड्यापेक्षा कमी. का, तर म्हणे तिचं काम हलकं. दिवसभर खाली मान घालून बेदाणा निवडणं हलकं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

सारख्या कामाला सारखी मजुरी देण्याचा कायदा देशात 1976 सालीच झाला. रोजगार हमीच्या कामावर हे तत्त्व पाळलं जातं, तिथं बाई-गडी असा दर वेगळा नसतो. खासगी शेतात मात्र दर अजून गावच ठरवतं.

या पार्श्वभूमीवर पंढरपूरहून साताऱ्याकडं जाताना लागणाऱ्या म्हसवडकडं बघायला हवं. आपल्याकडच्या लोकांना म्हसवड माहीत असतं ते सिद्धनाथाच्या रथामुळं. पण याच दुष्काळी गावात चेतना गाला सिन्हा यांनी 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या चेतनाताई जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून पुढं आल्या आणि विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून माणदेशात राहिल्या.

बँकेचं निमित्त साधं होतं. रस्त्याकडेला पाल टाकून लोखंडाचं काम करणारी एक बाई त्यांच्याकडं आली. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिक घ्यायचं, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम फार लहान म्हणून बँकेनं तिचं खातंच उघडलं नव्हतं.

बायकांनीच बँक काढायची ठरलं, पण रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक सभासदांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या, ही अडचण. चेतनाताई खचल्या. बायका खचल्या नाहीत. त्यांनी लिहाय-वाचायचे वर्ग सुरू करायला लावले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नसलं तरी हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. ग्रामीण महिलांनी महिलांसाठी चालवलेली ही देशातली पहिली सहकारी बँक मानली जाते.

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. पासबुक घरी ठेवायला बायका तयार नव्हत्या. नवऱ्यानं शिल्लक बघितली की पैसे मागणार, दारूत घालवणार, ही भीती. बाजारचा दिवस बुडवून बँकेत येणंही परवडत नव्हतं. मग बँकच दारात गेली आणि पासबुकाऐवजी कार्ड आलं. पुढं बायकांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा, 2008 साली रेडिओ केंद्र, दुष्काळात जनावरांची छावणी असं काम वाढत गेलं. जानेवारी 2018 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या सातही सहअध्यक्ष महिला होत्या. त्यात नाणेनिधीच्या ख्रिस्तीन लगार्द, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग आणि म्हसवडच्या चेतना सिन्हा.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे. कर्ज म्हणजे मजुरी नव्हे. शेळ्या, शिलाई, भाजीचा गाडा असा स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईला बँक उभं करते. दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाणारीची हजेरी त्यानं आपोआप वाढत नाही. बाईच्या नावावर कर्ज, पैसा नवऱ्याकडं आणि हप्ता फेडायला पुन्हा बाई, हा प्रकार मायक्रोफायनान्समुळं गावोगाव दिसतो. त्यामुळं म्हसवडचं नुसतं कर्ज उचलून चालणार नाही, पैशावर ताबा कुणाचा हा तिथला प्रश्न उचलावा लागेल.

तो प्रश्न आता घरोघरी आलाच आहे. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये थेट बाईच्या खात्यावर पडू लागले आणि कित्येकींचं पहिलं खातं त्यासाठी उघडलं गेलं. खातं तिचं झालं. एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आणि बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

कामावरच्या त्रासाचंही तसंच. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, म्हणजे बहुतेक बागांत आणि शेडवर, लैंगिक छळ झाला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. 2013 च्या कायद्यानुसार तालुक्याला त्यासाठी नोडल अधिकारी असतो. शेडवर मात्र याचा फलक लावलेला क्वचितच दिसतो.

टोळ्यांचे पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यातच होतात. त्या कागदावर दोन नावं आणि उचल दोन खात्यांत, एवढं करायला नवा कायदा लागत नाही.