अवधानाची मजुरी

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी फर्दापूरला बस बदलतो. भोवतालच्या शिवाराकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. सोयगाव तालुक्यातील हे शिवार कपाशी-मक्याचे, लहान तुकड्यांचे आहे. बांधाला बांध लागलेला, मधून विजेच्या तारा गेलेल्या, विहिरीच्या काठी कडुलिंब उभा. अशा शिवारांत पाठीवरच्या पंपाची जागा आता फवारणीचे ड्रोन घेऊ पाहत आहे. त्याचे स्वागतच व्हावयास हवे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे ज्याच्या स्मरणात आहे तो जुन्या पंपाची तरफदारी करणार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद, १५,००० महिला बचत गटांचे उद्दिष्ट, किमतीच्या ८० टक्के परंतु ८ लाखांपर्यंतच अनुदान आणि गटातील एका सदस्येला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, असे तिचे स्वरूप. या पंधरा दिवसांत यंत्र उडविणे, नियम आणि औषधांची फवारणी हे सारे बसवावयाचे. दिवसभर अवधान कसे टिकवावे, या विषयाला त्यात फारसा वेळ मिळण्याजोगा नाही. ‘नीट लक्ष ठेवा’ एवढे सांगितले की काम भागते, ही आपल्याकडील जुनी समजूत आहे.

ती खरी नाही, हे पाऊणशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ब्रिटिश विमानांतील रडारचालकांच्या नजरेतून पडद्यावरील खुणा निसटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक साधे घड्याळ केले. काटा दर सेकंदाला एक पाऊल सरके, क्वचित दोन पावलांची उडी घेई; ती दिसताच कळ दाबावयाची. दोन तासांच्या या पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटू लागल्या. पाहणारे जवान आळशी नव्हते. अर्धा तास काम व अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली, तेव्हा ही घसरण थांबली. परीक्षेच्या दालनात तीन तास पर्यवेक्षण केलेल्या शिक्षकाला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. काहीच घडत नसताना पाहत राहणे हेच सर्वांत कष्टाचे काम असते.

फवारणीचा ड्रोन बहुधा आखून दिलेल्या मार्गाने स्वतःच उडतो. चालकाने पाहत राहावयाचे. दहा लिटरची टाकी एकराला पुरते आणि एकर दहा मिनिटांच्या आत उरकतो. मग तिला विश्रांती मिळतेच की, असे कोणी म्हणेल. परंतु ती मधली मिनिटे औषध कालविण्यात, टाकी भरण्यात आणि बॅटरी बदलण्यात जातात. वीस एकर म्हणजे वीस वेळा उड्डाण व वीस वेळा उतरणे. विसाव्या एकरात वारा फिरल्याचे ध्यानात आले नाही आणि मक्यावरचे २,४-डी हे तणनाशक शेजारच्या कपाशीवर गेले, तर त्या कपाशीची पाने आकसतात आणि शेजाऱ्याचा हंगाम जातो.

रेल्वेने हा प्रश्न उपदेशावर सोडलेला नाही. इंजिनचालक व त्याचा सहायक सिग्नल मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. चालकाकडून सुमारे मिनिटभर काहीच हालचाल झाली नाही तर आधी दिवा, मग भोंगा आणि शेवटी ब्रेक लागतो. प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी कामाच्या तासांचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले; साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. त्यापायी डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा विश्रांतीलाही किंमत असते हे देशाला कळले. २०२१ च्या ड्रोन नियमांत मात्र चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा नाही.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. भाडे एकरी ठरते. अनुदानाखेरीजची रक्कम गटाने कर्जाने उभी केलेली असते, आणि फवारणीचे दिवस मोजके, त्यातही वारा पडलेल्या सकाळ-संध्याकाळचे. अशा हिशेबात थांबणे म्हणजे बुडालेला एकर. जी बाई अधिक थकून अधिक एकर करते तिला अधिक मिळते. चुकीचा भुर्दंड मात्र बांधापलीकडचा सोसतो. दराची रचनाच अवधानाच्या विरुद्ध असेल, तर प्रशिक्षण कितीही चांगले दिले तरी ते पहिल्या हंगामातच विसरले जाईल.

म्हणून दोन्ही बाजूंनी हात घातला पाहिजे. चालकाची परीक्षा सकाळी ताज्या मनाने न घेता दिवसभराच्या सरावानंतर, अखेरच्या तासात घ्यावी आणि त्यात पूर्वसूचना न देता अडथळा आणावा. ‘तार’, ‘माणूस’, ‘वारा’ असे मोठ्याने सांगण्याची रेल्वेची रीत दोघींच्या अंगी बाणवावी. भाडे एकरी न आकारता दिवसाचे ठरवून त्या दिवसाच्या एकरांना कमाल मर्यादा घालावी. गटाकडून आणखी एका व्यक्तीला सहायक म्हणून तयार करण्याची कल्पना योजनेत आहेच. तिलाही उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळाले, तर अर्ध्या तासाने पाळी बदलता येईल. त्या दुसऱ्या प्रमाणपत्राचा खर्च यंत्राच्या ८ लाखांच्या अनुदानाशेजारी मांडून कृषी खात्याने एकदा हिशेब करावा, आणि तो येत्या खरिपापूर्वी करावा.