यंत्रापुढे हात जोडू नका, नेमकं विचारा!



मागच्या रविवारी लासलगावात विहारातल्या बैठकीनंतर एका तरुणाने मोबाईल आमच्यापुढे धरला. दिवसा कांद्याच्या खळ्यावर गोण्या भरतो, रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आपल्या ग्रामपंचायतीला माहिती अधिकाराचा अर्ज करायचा म्हणून त्याने एआयला सांगितलं होतं, "दलितांच्या निधीबद्दल अर्ज लिहून दे."

दोन पानी मजकूर आला होता. 'आमच्या गरीब, मागासलेल्या बांधवांवर कृपादृष्टी ठेवावी' अशी विनवणी त्यात होती. 'निधी का खर्च केला नाही?' असा सवालही होता. पण कोणत्या वर्षाचा निधी, कोणता कागद पाहिजे, याचा पत्ता नव्हता. पोरगा वैतागून म्हणाला, "दादा, हे यंत्रच मनुवादी आहे. याच्या नादी लागू नये."

त्याचा संताप खोटा नाही. ही यंत्रं आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरावर शिकली आहेत, आणि या देशात लेखणी हजारो वर्षं कुणाच्या हातात होती ते आपल्याला कुणी सांगायला नको. 'दलित' म्हटलं की त्याला दया सुचते, हक्क सुचत नाही. पण म्हणून यंत्र टाकून द्यायचं का? इंग्रजांचा कायदा, इंग्रजांची कमिटी म्हणून बाबासाहेब घरी बसले नाहीत. १९१९ साली साउथबरो समितीपुढे ते उभे राहिले ते करुणा भाकायला नव्हे. मताधिकार आणि आपले स्वतःचे प्रतिनिधी अशी थेट मागणी त्यांनी मांडली. समोरचा आपला नाही, हे ठाऊक असेल तर बोलणं दुप्पट नेमकं लागतं.

आता कटू बोलतो. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. आपली निवेदनं काढून बघा. तहसीलदारांसोबत फोटो झकास येतो. कागदावर मात्र 'समाजावर अन्याय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी'. कोणता अन्याय, कधी, कुठे, कुणी काय करायचं, किती दिवसांत? काहीच नाही. मोघम मागणी फेटाळावीसुद्धा लागत नाही, ती नुसती फायलीत पडून राहते. यंत्राने आपलीच सवय आपल्याला परत दाखवली.

त्याच रात्री आम्ही त्या पोराबरोबर बसून पुन्हा लिहिलं: "मी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचा रहिवासी आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याला मराठीत अर्ज लिहायचा आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. मला मागच्या तीन आर्थिक वर्षांचं एकूण उत्पन्न, या १५ टक्क्यांतून झालेला खर्च, त्याचे ठराव आणि रोकडवहीच्या प्रती हव्या आहेत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे विषय एकच ठेव, अर्ज दीडशे शब्दांच्या आत बसव. 'का' असा प्रश्न नको, फक्त कागद माग. विनवणीचा एकही शब्द नको. काही कमी वाटलं तर आधी मला विचार."

यंत्राने उलट दोन प्रश्न विचारले: प्रती टपालाने हव्यात की स्वतः नेणार? अर्जदार दारिद्र्यरेषेखाली आहे का? दुसरा प्रश्न फुकटचा नव्हता, कारण तसं असेल तर दहा रुपयांचं अर्ज शुल्कही लागत नाही. मग जो अर्ज आला तो पाऊण पानाचा, ताठ मानेचा. 'का' काढायला सांगितलं त्यालाही कारण आहे. या कायद्यात नोंदीत असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. 'का' विचारलं की कार्यालयाला हात झटकायला आयतं निमित्त मिळतं. कागद मागितला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर पहिलं अपील.

यंत्र तेच, पोरगाही तोच. बदललं ते विचारणं. लिलावात 'माल चांगला आहे' एवढ्यावर कुणी बोली लावत नाही. लाल की उन्हाळ, मोठा की गोल्टी, वाहनात किती क्विंटल, हे दिसल्यावरच भाव फुटतो.

आपल्यात दुसरीही जमात आहे. यंत्राने दिलं की ते डोळे मिटून चिकटवणारी. ही पहिलीपेक्षा घातक. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीचा मसुदा घेतलात आणि त्यात जातिवाचक अपमानासाठी जुनं ३(१)(१०) हे कलम आलं, तर? २०१५च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, तिथे ३(१)(आर) आणि (एस) आहेत. यंत्र जुनं आणि नवं एकाच ठामपणाने सांगतं. म्हणून त्याला विचारा, "यातलं कशाबद्दल तुला खात्री नाही?" आणि तरीही मूळ कायदा उघडून कलम स्वतः वाचा. घटना कुठे घडली, सार्वजनिक दृष्टीस पडेल अशी जागा होती का, साक्षीदार कोण, नेमके शब्द काय, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते पीडिताजवळ बसून तुम्हीच लिहून घ्यायचं. आणि पीडिताचं नाव, गाव, फोन नंबर यंत्रात कधीही टाकायचा नाही. 'अर्जदार', 'आरोपी क्रमांक एक' एवढ्यावर काम भागतं.

बुद्धाने कालामांना सांगितलं होतं की कुणी गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. माणसाच्या गुरूला न मानणाऱ्यांनी आता मोबाईलमधला गुरू करायचा?

लासलगावहून येवला जवळच आहे. तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, हे जाहीर केलं. काळाराम मंदिरापुढची पाच वर्षं त्यामागे होती. त्या घोषणेत 'कृपया' नव्हतं, 'योग्य ती कार्यवाही' नव्हती. दोन अर्थ निघतील अशी फट नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाईल हातात घ्याल तेव्हा टाईप करण्याआधी वहीत चार ओळी लिहा: मी कोण, मला काय हवं, कुणाकडून हवं, कोणत्या कायद्याने हवं. या चार ओळी जमल्या नाहीत, तर यंत्र बदलून उपयोग नाही. आधी अभ्यास करा. आणि त्या जमल्या, तर पुढचं निवेदनही यंत्राशिवाय तेवढंच ताठ लिहाल.

जय भीम! नमो बुद्धाय!