नव्या हॉस्पिटलची खिडकी उघडते का?

तालुक्याच्या ठिकाणीही आता काचेची, पूर्ण एसी हॉस्पिटल्स उभी राहतायत. 'कॉर्पोरेट लुक' म्हणून कौतुकही होतं. मला मात्र अशी इमारत बघितली की एकच प्रश्न पडतो: इथली खिडकी उघडते का?

प्रश्न फक्त वीजबिलाचा नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ हॉस्पिटल्समध्ये संशोधकांनी खोल्यांतली हवा मोजली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत सोपी होती. खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि तो किती वेगाने कमी होतो ते बघायचं. त्यावरून तासाभरात हवा किती वेळा बदलते ते कळतं. दारं-खिडक्या उघडी असताना १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या इमारतींत हा आकडा ४० आला. १९७० ते १९९० मधल्या इमारतींत १७. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी मानकाप्रमाणे १२ धरला.

उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांसोबत चोवीस तास राहिल्यास संसर्गाचा अंदाजित धोका जुन्या खोल्यांत ११ टक्के, तर यंत्राच्या खोल्यांत ३९ टक्के निघाला. जगातले साधारण चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत, म्हणजे हे आकडे आपल्याही कामाचे.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॉस्पिटल्समध्ये असतो साधा स्प्लिट एसी. तो बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच थंड करून फिरवतो. खोली गार वाटते, पण हवा तीच!

म्हणून एसी काढून टाका असं मी म्हणत नाही. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूला गाळलेली, नियंत्रित हवा लागतेच. शिवाय लिमाचं हवामान सौम्य आहे, विदर्भातल्या मे महिन्यात खिडकी उघडून भागणार नाही. पण ओपीडी, वेटिंग हॉल आणि जनरल वॉर्डला समोरासमोर खिडक्या, उंच छत, बाहेर सज्जा आणि पंखे दिले, तर वर्षातले बरेच महिने एसीशिवाय निघतात. हे सगळं नकाशा काढतानाच ठरवावं लागतं, नंतर भिंती फोडणं महागात पडतं.

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारती तिच्या कक्षेत येतात. पण कमी वीज खाणारी इमारत म्हणजे मोकळ्या हवेची इमारत नव्हे. घट्ट बंद करूनही वीज वाचवता येते. माझ्या मते हॉस्पिटलचा नकाशा मंजूर करताना विजेसोबत हवेचाही हिशोब मागायला हवा. तुमच्या गावात सरकारी हॉस्पिटलचं बांधकाम सुरू असेल, तर वॉर्डच्या खिडक्यांबद्दल आत्ताच विचारा.